नळीतली हवा, फुफ्फुसातले डिझेल

जालना जिल्ह्यात जुनी डिझेल पिकअप फार दिवस रिकामी उभी राहत नाही. मोसंबीच्या हंगामात ती अंबड, घनसावंगी, बदनापूरच्या बागांमधून फळ घेऊन बाजार समितीकडे धावते. मृगाच्या तोंडावर बियाण्याच्या आणि खताच्या बॅगा वाहते. पाऊस रुसला की तिच्यावर पाण्याची प्लास्टिकची टाकी चढते. लग्नसराईत हौद्यात माणसेही बसतात. बसू नयेत, पण बसतात. महिंद्राची पिकअप, टाटाची २०७ किंवा २००५ साली बाजारात आलेला आणि गावोगावी ‘छोटा हत्ती’ म्हणूनच ओळखला जाणारा टाटा एस, यांपैकी एखादी जुनी गाडी कितीतरी घरांच्या कमाईचा आधार असते. ती माळावर बंद पडली की चालक आधी स्वतःच बॉनेट उघडतो. तोडलेले फळ मिस्त्रीची वाट पाहत थांबत नाही, आणि मिस्त्रीची फेरीही फुकट पडत नाही.

हे स्वतः करणे चुकीचे मुळीच नाही. जुने डिझेल इंजिन हे घरच्या हातांनी, दोन-चार पान्यांनी ताळ्यावर आणता येणाऱ्या मोजक्या यंत्रांपैकी एक आहे. अडचण वेगळी आहे. इंजिनाला जे डिझेल मानवते ते माणसाच्या फुफ्फुसाला अजिबात मानवत नाही, आणि दुरुस्तीच्या घाईत या दोन्हींमध्ये अंतर उरते ते एका रबरी नळीइतके.

ठिणगीशिवाय पेटणारे इंजिन

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये औग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्यामागची कल्पना आजही तीच आहे. सिलिंडरमध्ये आलेली हवा पिस्टन साधारण १८ ते २२ पट दाबतो. सायकलचा पंप जोरात मारला की त्याचे तोंड गरम लागते, तोच प्रकार, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणावर. ही दाबलेली हवा ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि नेमक्या त्याच क्षणी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा तिच्यात सोडला जातो. तो आपोआप पेटतो. स्पार्क प्लग नाही, कॉइल नाही, कार्ब्युरेटर नाही.

म्हणून जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाडीत बिघाड शोधायचा तर प्रश्न थोडेच उरतात. स्वच्छ हवा येते का? स्वच्छ डिझेल येते का? सिलिंडरमध्ये दाब तयार होतो का? सेल्फ इंजिनाला पुरेशा वेगाने फिरवतो का? मराठवाड्यातल्या जुन्या शेतकऱ्यांना हे प्रश्न कुणी शिकवावे लागले नाहीत. विजेची लाइन वावरापर्यंत यायच्या आधी विहिरीवर डिझेलचे इंजिन असे. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत तिची इंजिने राज्यभरच्या विहिरींवर धडधडू लागली. हँडल मारणे, फिल्टर धुणे, नळीतली एअर काढणे हे त्या पिढीने विहिरीच्या काठावरच शिकून घेतले. पिकअपच्या बॉनेटखाली नातू जे करतो, त्यातले बरेचसे आजोबांनी मोटेच्या जागी आलेल्या इंजिनावर केलेले असते.

‘गाडीने एअर धरली’

जुन्या डिझेल गाडीचा सर्वांत जास्त भेटणारा आणि सर्वांत जास्त फसवणारा आजार हाच. गाडी चालता चालता धाप टाकते, चढावर दम सोडते, बंद पडते. सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण पेट घेत नाही. सायलेन्सरमधून धूरही येत नाही. धूर नसणे ही खूण महत्त्वाची आहे, कारण सिलिंडरपर्यंत डिझेल पोचतच नाही असा तिचा अर्थ होतो.

नळीतला हवेचा एक बुडबुडा दोन टनांची गाडी कशी अडवतो? द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. नोझलची सुई उचलायला साध्या यांत्रिक इंजिनातही वातावरणाच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. नळीत निव्वळ डिझेल असेल तर पंपाचा दट्ट्या हलताक्षणी तो दाब नोझलपर्यंत पोचतो. मध्ये बुडबुडा असेल तर दट्ट्याची सगळी मेहनत तो बुडबुडा लहान करण्यात जाते आणि सुई जागची हलत नाही. इंजेक्शन देण्याआधी परिचारिका सिरिंजमधली हवा काढते. तिचे कारण निराळे असले तरी एअर काढण्याची कृती जवळपास तशीच आहे.

हवा शिरते कुठून? टाकी कोरडी पडली तर, फिल्टर बदलला तर, किंवा टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी पाइपला बारीक चीर गेली तर. या शेवटच्या कारणात खरी मेख आहे. त्या भागात डिझेल ढकलले जात नाही, ओढले जाते. म्हणजे इंजिन चालू असताना नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. चिरेतून डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. चालक गाडीखाली ओल शोधतो, ती सापडत नाही, मग संशय पंपावर येतो आणि हजारो रुपये खर्चून पंप उतरवला जातो. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. फिल्टरच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडून पाहिली तर त्यातून पळणारे बुडबुडे डोळ्यांना दिसतात. उन्हाने कडक झालेला पाइप आणि दबलेले तांब्याचे वॉशर बदलणे हा बहुतेक वेळा त्यावरचा पुरेसा उपाय असतो.

एअर काढायची रीत सोपी आहे. टाकीत आधी पुरेसे डिझेल घालायचे. फिल्टरच्या माथ्यावरचा एअर स्क्रू थोडा सैल करायचा आणि हातपंप, ज्याला गॅरेजमध्ये प्रायमर म्हणतात, तो दाबत राहायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू आवळायचा. नंतर हेच मुख्य पंपावरच्या स्क्रूला करायचे. मग सेल्फ एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये मिनिटभर थांबावे. नाहीतर एअर निघेपर्यंत बॅटरी बसते आणि सेल्फही तापतो. फिल्टरच्या तळाशी पाणी काढायची चावी असेल तर तीही याच वेळी उघडून पाहावी. आखाड्यावर बॅरलमध्ये साठवलेल्या डिझेलमध्ये रात्रीच्या गारव्याने पाणी जमते. काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घेऊन दहा मिनिटे स्थिर ठेवले की पाणी तळाशी वेगळे दिसते.

यापुढची पायरी, म्हणजे नोझलला जाणाऱ्या पोलादी नळ्यांचे नट सैल करून सेल्फ मारणे, ही जाणत्या माणसानेच करावी, डोळ्यांवर चष्मा लावून आणि हात दूर ठेवून. कॉमन रेल इंजिनाच्या नव्या गाडीत तर ते कुणीच करू नये. तिथला दाब वातावरणाच्या हजारपटीच्या पुढे जातो.

नळीला तोंड लावले की

आता मूळ प्रश्न. टाकी कोरडी पडलेली असते. शेजारून जाणारा ओळखीचा ट्रॅक्टरवाला दोन लिटर डिझेल द्यायला तयार होतो. कुठून तरी रबरी नळी निघते. तिचे एक टोक टाकीत जाते आणि दुसरे कुणाच्या तरी तोंडात, अनेकदा गाडीवरच्या सर्वांत लहान पोराच्या. ‘ओढ जोरात.’ धार येते, पोरगे थुंकते, खोकते, सगळे हसतात आणि गाडी पुढे जाते.

बहुतेक वेळा खरेच काही होत नाही, म्हणूनच ही सवय टिकून आहे. पण ज्या दिवशी होते, त्या दिवशी ते फार लवकर होते. डिझेल पाण्यासारखे वागत नाही. त्याचा पृष्ठताण कमी असतो, म्हणून ते ओल्या पृष्ठभागावर झरझर पसरते. जोरात ओढताना अनपेक्षित धार घशात आली की माणूस दचकून श्वास आत घेतो. त्या एका श्वासाबरोबर एखादा मिलिलिटर डिझेल श्वासनळीत उतरले तरी पुरते.

फुफ्फुसाच्या आत लक्षावधी सूक्ष्म वायुकोश असतात. ते श्वास सोडल्यावर चिकटून मिटू नयेत म्हणून शरीराने त्यांना आतून एका निसरड्या थराचे अस्तर दिलेले असते. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. डिझेल हे अस्तर विरघळवते आणि विस्कटते. वायुकोश मिटू लागतात, त्यांच्या भिंतींना सूज येते, त्यांत द्रव साचतो. पुढे शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी तेलाचे थेंब गिळतात, पण पचवू शकत नाहीत. हा रासायनिक न्यूमोनिया. जंतूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियापेक्षा तो निराळा आहे, जंतूंचा संसर्ग त्यावर नंतर बसू शकतो. वैद्यकाच्या पुस्तकांत या आजाराला एक चमत्कारिक नाव आहे, ‘अग्निभक्षकाचे फुफ्फुस’. तोंडात इंधन घेऊन ज्वाळा फुंकणाऱ्या खेळकऱ्यांना तो होतो. माळावर नळी ओढणाऱ्याला जत्रेतल्या टाळ्याही मिळत नाहीत.

लक्षणे कधी लगेच दिसतात, कधी काही तासांनी. आधी ठसका आणि घशात जळजळ, मग न थांबणारा कोरडा खोकला, छातीत दुखणे, ताप, धाप. काहींना थुंकीत रक्त येते. पहिल्या काही तासांत छातीचा एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो आणि दुसऱ्या दिवशी त्यात पांढरे डाग दिसू शकतात. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर घरी येऊन झोपणे धोक्याचे. ठसका लागला असेल आणि खोकला थांबत नसेल तर काही तास दवाखान्यात देखरेखीखाली राहिलेले बरे.

घरगुती उपाय इथे घात करतात. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी काढणे हा सर्वांत वाईट उपाय. पोटात गेलेले थोडे डिझेल फारसे शोषले जात नाही आणि बहुतेकदा जुलाब-मळमळीवर निभावते. तेच उलटीबरोबर वर येताना पुन्हा श्वासनळीत जाण्याची संधी साधते. दूध, तूप, ताक पाजूनही काही साधत नाही. पोट भरले की उलटीचा धोका तेवढा वाढतो. करायचे ते एवढेच: तोंडातले थुंकून टाकावे, पाण्याने चुळा भराव्यात, डिझेलने भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे, माणसाला बसते ठेवावे आणि दवाखाना गाठावा. धाप लागली असेल तर १०८ ला फोन करावा. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा पुढे छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, जिथे नेले जाईल तिथे डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगावे की डिझेल ओढताना ठसका लागला. लाजेने किंवा ‘त्यात काय सांगायचे’ म्हणून ही गोष्ट लपवली जाते आणि मग ताप-खोकल्याच्या साध्या कारणांत डॉक्टरांचा वेळ जातो. बहुतेक रुग्ण प्राणवायू, विश्रांती आणि देखरेखीने काही दिवसांत ते काही आठवड्यांत बरे होतात. काहींच्या फुफ्फुसात मात्र पू होतो किंवा पोकळी राहते.

आणि गंमत अशी की तोंड लावायची गरजच नसते. नळीतून डिझेल वाहते ते आपण ओढतो म्हणून नव्हे. नळी पूर्ण भरलेली असली आणि तिचे बाहेरचे टोक टाकीतल्या पातळीपेक्षा खाली असले की खालच्या लांब स्तंभाचे वजन वरच्याला ओढत राहते. म्हणजे काम फक्त नळी भरण्याचे आहे. टाकीचे तोंड मोठे असेल तर नळी आत पूर्ण बुडवून भरून घ्यावी, टोक अंगठ्याने घट्ट दाबावे, बाहेर काढून खालच्या कॅनमध्ये न्यावे आणि अंगठा सोडावा. तोंड अरुंद असेल तर हाताने दाबायच्या रबरी फुग्याचा पंप मिळतो. तो पाच लिटर डिझेलपेक्षाही स्वस्त असतो आणि सीटखाली मावतो. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या टाकीला तळाशी ड्रेन नटही असतो, तोही वापरता येतो. या फुग्याच्या पंपापेक्षा जास्त उपयोगाची वस्तू पिकअपच्या हत्यारपेटीत दुसरी नसेल.

याच्याच जोडीला एक गोष्ट सांगायला हवी. उरलेले डिझेल पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरून आखाड्यावर ठेवले जाते. लहान मूल ते पिते, ठसकते आणि वर सांगितलेले सगळे त्याच्या इवल्या फुफ्फुसात घडते. डिझेल डिझेलच्याच कॅनमध्ये असावे, मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचावर.

सुईच्या टोकाएवढी जखम

फुफ्फुसाइतकाच धोका बोटांना असतो, तो मात्र फार कमी लोकांना माहीत आहे. चालू इंजिनात नोझलची नळी किंवा नट गळतो आहे का हे पाहायला कुणी त्यावर बोट ठेवतो. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. बाहेर सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, रक्तही येत नाही, दुखतही नाही. आत मात्र डिझेल स्नायूंच्या आवरणांमधून पसरत जाते. काही तासांत बोट सुजते, ठणकते, पांढरे पडते. उशीर झाला तर बोट कापावे लागू शकते. ही जखम म्हणजे शस्त्रक्रियेची तातडी. मलमपट्टी किंवा धनुर्वाताच्या इंजेक्शनवर भागवू नये आणि पहिल्या सहा तासांत हाताच्या शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा दूरून धरावा. धार असेल तर पुठ्ठा भिजतो.

धुराची भाषा

एअर नाही, डिझेल पोचते आहे, गाडी चालते आहे, पण पूर्वीसारखी नाही. अशा वेळी सायलेन्सरकडे पाहावे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्यांवर आणि कापूस वेचणीच्या दिवसांत एअर फिल्टर लवकर तुंबतो. आधी तो पाहावा. कागदी फिल्टर आतून बाहेर हलक्या हवेने झाडावा, दगडावर आपटू नये, धुऊ तर नयेच. फिल्टर स्वच्छ असूनही काळा धूर राहिला तर नोझल गळते आहे, पंपाचे डिझेल वाढवून ठेवले आहे, किंवा गाडीत झेपते त्यापेक्षा माल जास्त आहे. शेवटचे कारण चालकाला माहीत असते.

पांढरा धूर सकाळच्या थंडीत थोडा वेळ आला तर घाबरू नये. ते न पेटलेले डिझेल असते. ज्या इंजिनांना हीटर प्लग असतात त्यांतला एखादा गेलेला असू शकतो. पण इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट गेले असे समजावे. निळा धूर म्हणजे गाडी ऑइल खाते आहे. ऑइल भरायचे झाकण काढल्यावर तिथून जोराने वाफारा बाहेर येत असेल, ज्याला मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. हे काम घरचे नव्हे.

पीयूसी केंद्रावरचे यंत्र हाच धूर मोजते. इंजिन मोकळे रेटून धुरातून प्रकाश किती अडतो ते पाहिले जाते. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला मर्यादा ६५ हार्ट्रिज एककांची आहे, बीएस-४ गाडीला ५० ची. तपासणीच्या दिवशी पंपाचे डिझेल कमी करून घेण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वाढवण्याचीही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखूचा धूर आणि असबेस्टॉस त्याच गटात आहेत. हा धूर सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त घेतो तो गाडी सुरू ठेवून बॉनेटखाली वाकलेला माणूस. पत्र्याच्या शेडमध्ये, शटर अर्धे ओढून इंजिनाचा आवाज ऐकत बसण्याऐवजी गाडी बाहेर काढावी, तोंड वाऱ्याकडे करून.

मे महिन्याचे पाणी

पारा चाळिशीपार गेला की तापलेल्या पिकअप रस्त्याकडेला दिसू लागतात. रेडिएटरचे टोपण म्हणजे कुकरचीच शिट्टी. त्यावर साधारण ०.९ बार असा आकडा असतो. त्या दाबाखाली पाणी ११५-१२० अंशांपर्यंत न उकळता राहते. टोपण उघडले की दाब एकदम उतरतो, सगळे पाणी क्षणात उकळते आणि वाफेसह चेहऱ्यावर येते. अर्धा-पाऊण तास थांबण्याला पर्याय नाही. भाजलेच तर साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावे. टूथपेस्ट, हळद, शाई नको. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हेडला तडा जातो.

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. घरच्या हंड्याला आतून बसते तशीच खपली रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसते आणि मग गाडी विनाकारण तापते. शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट याचा खर्च हेड उतरवण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. ‘आपल्याकडे ऊन फार’ म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची सल्लामसलत मात्र ऐकू नये. काही इंजिनांत त्यामुळे पाण्याला आखूड वाट मोकळी मिळते आणि गाडी उलट जास्त तापते. कूलंट गोड असते आणि विषारीही. गाडीखाली सांडलेले कुत्रे चाटते, शेळीही चाटते. त्यावर लगेच माती टाकून ते उचलावे.

काळे ऑइल

स्वतः ऑइल बदलणाऱ्याने गाडीखाली जाण्याआधी एवढे पाहावे की ती नुसत्या जॅकवर नाही. हायड्रॉलिक जॅकचे सील न सांगता बसते. चाकांना दगड, चेसिसखाली घोडा किंवा भक्कम लाकडी ठोकळे आणि मगच अंग खाली. ब्रेकच्या ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये असबेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी.

इंजिनातून निघालेले काळे ऑइल हे नव्या ऑइलपेक्षा वेगळे रसायन असते. महिनोन्‌महिने जळण्याजवळ राहिल्याने त्यात काजळी, धातूंचे कण आणि कर्करोगकारक संयुगे जमलेली असतात. काजळीचा आणि कातडीच्या कर्करोगाचा संबंध लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या कामगारांमध्ये १७७५ सालीच दाखवला होता. एकदा हात काळे झाल्याने काही होत नाही. रोज होतात आणि तसेच राहतात, तेव्हा होते. त्यातही वाईट सवय म्हणजे ऑइलने माखलेली चिंधी पँटच्या खिशात ठेवणे, कारण ती दिवसभर मांडीला लागून राहते. हात डिझेलने धुण्यानेही कातडी कोरडी पडून फाटते. त्याऐवजी आधी थोडे खाण्याचे तेल चोळून मग साबण लावावा.

काढलेले ऑइल विहिरीजवळच्या नाल्यात ओतले जाते, दारांना वाळवीसाठी लावले जाते, आणि गोचीड मरते म्हणून बैलाच्या, म्हशीच्या अंगालाही चोळले जाते. गोचीड मरत असेलही. पण जनावर ते चाटते, आणि तिच्या सडाला लागलेले वासरू पिते. पाच लिटरचा जुना कॅन घ्यावा, त्यात झाकण लावून ते साठवावे, आणि पुढच्या खेपेला शहरात जाताना वापरलेले ऑइल पुनर्प्रक्रियेसाठी घेणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे. त्याचे थोडे पैसेही मिळतात.